पऱ्हे की रोवणी : एका तिबेटी घरातलं नागरिकत्वाचं प्रकरण

हे प्रकरण एका बहीण-भावाचं आहे. दोघं एकाच आईची, एकाच वसाहतीत जन्मलेली. बहीण १९८५ ची, भाऊ १९८७ चा. भारताच्या कायद्यानं बहीण जन्मापासून भारतीय आहे आणि भाऊ आजही परकीय. मी नागपुरात वकिली करते. २०१७ ते २०१९ या काळात या घराचे कागद माझ्या हातून गेले. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहिते आहे. नावं देत नाही. थोरली, धाकटा आणि त्यांची आई, म्हणजे 'आमाला' (तिबेटीत आईला आदरानं असं म्हणतात), असंच म्हणते.

पार्श्वभूमी

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसं आली. नेहरूंच्या सरकारनं त्यांना आश्रय दिला. त्यांना आपल्या शाळा, आपले मठ चालवता यावेत म्हणून वेगळ्या वसाहती वसवायचं ठरलं. १९६० पासून बायलाकुप्पे, मैनपाट, मुंडगोड अशा वसाहती उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली वसाहत गोठणगावला, नवेगावबांधच्या जंगलाजवळ, १९७२ मध्ये झाली. नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्यामुळे आमचे दोन महिने गेले.

नागपूरकरांना ही माणसं ओळखीची आहेत ती स्वेटरमुळे. दिवाळी झाली की बाजार मांडायचा, लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल आणायचा, संक्रांतीनंतर उधारी फेडून घरी परतायचं. थोरलीचे वडील तीस हिवाळे हे करत आले. आमालानं घर सांभाळलं आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत काम केलं.

भारतानं यांना जमीन दिली, शाळा दिल्या, पण कायदा दिला नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणूस कागदावर 'परकीय नागरिक' ठरतो आणि त्याचं सगळं आयुष्य एका नोंदणी प्रमाणपत्रावर चालतं. वसाहतीत त्याला 'आरसी' म्हणतात. ठरावीक मुदतीनं ती पोलिसांकडे नूतनीकरणाला न्यायची, जास्त दिवस बाहेर राहायचं तर कळवायचं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपुस्तक, म्हणजे 'आयसी'. सरकारी नोकरी नाही, मतदान नाही.

आता नागरिकत्वाचं. १९५५ च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी भारताच्या भूमीवर जन्मलेलं मूल, आईवडील कोणत्याही देशाचे असोत, जन्मतः भारतीय. १ जुलै १९८७ पासून मात्र आईवडिलांपैकी एक भारतीय असणं आवश्यक झालं. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली : दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा. या दुरुस्त्या तिबेटींसाठी केलेल्याच नव्हत्या, त्यांचा रोख ईशान्येकडच्या प्रश्नावर होता. पण रेघ ओढली गेली आणि ती या घराच्या मधोमध गेली.

थोरलीला हा हक्क आहे हे तिला माहीत नव्हतं. अंमलबजावणी करणाऱ्यांनाही मान्य नव्हतं. २०१० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं पासपोर्ट नाकारलेल्या नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की आरसी काढली, अर्जात स्वतःला तिबेटी म्हटलं, म्हणून जन्मतः मिळालेलं नागरिकत्व जात नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवडणूक आयोगानं अशा लोकांची नावं मतदारयादीत घ्यायला सांगितलं. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं पासपोर्टबाबत पुन्हा आदेश दिला आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट कार्यालयांना तो पाळायला लावलं. मग त्याच वर्षी पुढे अटी आल्या : आरसी आणि आयसी रद्द करून घ्या, निर्वासितांच्या वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती आणि निर्वासितांच्या स्वतःच्या तिबेटी प्रशासनाचे लाभ घेणार नाही असं लिहून द्या.

अडचण

थोरली नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका होती. वय बत्तीस. तिला सरकारी अधिपरिचारिकेच्या भरतीत बसायचं होतं. त्यासाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. पंधरा वर्षांचा रहिवास ती चुटकीसरशी दाखवू शकत होती, राष्ट्रीयत्वावर गाडी अडत होती. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस. हाताशी सहा वर्षं होती आणि सरकारी भरत्या काही दरवर्षी निघत नाहीत.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिनं पासपोर्टचं नावही काढलं नाही. "मॅडम, मला कुठं जायचं नाही. इथंच नोकरी पाहिजे," एवढंच म्हणाली. तिचं मराठी आपल्या भंडारा-गोंदियाकडचं, अस्सल.

तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. १९८५ मध्ये वसाहतीच्या दवाखान्यात जन्म झाला, ग्रामपंचायतीत नोंद कुणी केलीच नाही. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आरसीवर वर्षभरानं वेगळी. तिबेटी रीतीनं बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि लोसारला, म्हणजे नववर्षाला, सगळ्यांचं वय एकदम वाढतं. तो हिशेब सरकारी रकान्यात उतरवताना अशी गफलत जवळजवळ प्रत्येक घरात झाली आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तो मी मुद्दाम मांडते, कारण वसाहतीतल्या बहुतेकांनी तोच निवडला होता आणि त्यात शहाणपण नव्हतं असं मी म्हणणार नाही. आरसीवर पोट भरतं, घर राहतं, शेजार राहतो. वडील हयात असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं, असं आमाला म्हणाली. शिवाय एक प्रश्न घराघरात होताच : भारतीय झालो तर तिबेटचं काय? निर्वासित तिबेटी प्रशासनानं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे अशी भूमिका घेतली होती, पण शेजाऱ्यांच्या नजरेला अशी भूमिका लागू होत नाही.

दुसरा पर्याय पासपोर्टचा. अटी मान्य करायच्या, आरसी जमा करायची, पासपोर्ट घ्यायचा आणि त्याच्या आधारे बाकीचे दाखले.

तिसरा, फक्त मतदार ओळखपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र मागायचं. वरवर हा सर्वांत सोपा. पण आरसी हातात असताना राष्ट्रीयत्वाचा दाखला देण्याची हिंमत तालुक्याचा कोणता अधिकारी करील? मी दोन ठिकाणी चाचपून पाहिलं. दोन्हीकडे कागद परत सरकवले गेले.

चौथा, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊन वसाहत सोडण्याच्या अटीलाच आव्हान द्यायचं. वकील म्हणून माझा ओढा इकडे होता, हे मान्य करते. जी जन्मतः नागरिक आहे तिला देशात कुठंही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं दिला आहे. मग आईच्या घरात राहणार नाहीस असं लिहून दे, तरच तुझं नागरिकत्व मानतो, हे कसं चालेल? सरकारच्या बाजूलाही थोडं वजन आहे. वसाहतीची जमीन निर्वासितांसाठी दिलेली, ती नागरिकांना वाटण्यासाठी नव्हे. पण तो जमिनीचा प्रश्न झाला. तो जमिनीच्या कायद्यानं सोडवावा, पासपोर्टच्या खिडकीवर नव्हे. आजही माझं मत हेच आहे.

थोरलीनं मात्र ऐकून घेतलं आणि मान हलवली. खटला पाच वर्षं चालला तर तिची वयोमर्यादा संपणार होती. तिनं दुसरा पर्याय निवडला. ती तशीही नागपुरात खोली घेऊन राहत होती, तेव्हा वसाहत सोडणं कागदावरचंच, असं आम्ही दोघींनी एकमेकींना समजावलं.

वही

जन्माचा पुरावा शोधताना वसाहतीच्या दवाखान्यातली जुनी वही सापडली. तिबेटी लिपीत, निळ्या शाईत. लाकूड-बैलाच्या वर्षी थोरलीचा जन्म, आईवडिलांची नावं, वजन. हाच आमचा मुख्य पुरावा ठरणार होता.

त्याच वहीत दहा-बारा पानांनंतर धाकट्याची नोंद होती. अग्नी-सशाचं वर्ष, सहावा महिना. ते वर्ष १९८७. तिबेटी सहावा महिना म्हणजे जुलैचा शेवट ते ऑगस्ट. आरसीवरही ऑगस्ट १९८७ आहे. पण शाळेच्या दाखल्यावर १० जून १९८७. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी जूनमधली तारीख टाकून दिली, आपल्याकडे निम्म्या पिढीची टाकली तशी.

जून असेल तर तो भारतीय. ऑगस्ट असेल तर परकीय.

मी आमालाला विचारलं, नीट आठवा. ती क्षणभरही थांबली नाही. "रोवणी चालू होती. मी बांधीतच होती, तिथून आणलं मला." झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, जूनमध्ये पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपांसाठी धान पेरतात, ते रोप तयार झालं की जुलैपासून रोवणी, म्हणजे बांधीत लावणी. त्यातून १९८७ देशभर दुष्काळाचं वर्ष, पाऊस लांबलेला. त्या साली रोवणी लवकर झाली असेल असं धरायला काहीच आधार नव्हता. तिनं पऱ्हे म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथं होता, आणि तो कायद्याच्या पुस्तकात सापडणारा नव्हता. शाळेचा दाखला हा न्यायालयात चालणारा पुरावा. एका ओळखीच्या एजंटानं सुचवलं की धाकट्याचा अर्ज फक्त त्याच्यावर करा, वहीचं नावच काढू नका. तसे दाखले होतात, हे मलाही माहीत आहे. पण थोरलीचा सगळा दावा त्याच वहीवर उभा होता. बहिणीसाठी वही खरी आणि भावासाठी नाहीच, असं एकाच न्यायालयासमोर, एकाच तालुक्यात कसं सांगणार? उद्या कुणी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले तर खोट्या शपथपत्रापायी बहिणीचंही गेलं असतं.

ही सगळी आकडेमोड मी त्याला सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमानं जे सांगितलं तेच खरं आहे. तिला न्यायालयात उभं करून जून म्हणायला नाही लावणार मी." त्याचा अर्ज आम्ही केला नाही.

काय केलं

ग्रामपंचायतीकडून जन्माची नोंद आढळत नसल्याचा दाखला घेतला. वर्षापेक्षा जुनी नोंद करायची तर तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे, म्हणून तिथं अर्ज केला. वहीचं भाषांतर, आमालाचा जबाब, त्या काळच्या दवाखान्यातल्या एका बाईंचा जबाब, वृत्तपत्रात जाहीर सूचना. सात महिन्यांनी आदेश झाला.

मग भंडारा की गोंदिया हा घोळ. शाळेच्या दाखल्यावर जन्मजिल्हा भंडारा, नव्या जन्मदाखल्यावर गोंदिया. पासपोर्टच्या छाननीत हा जन्मस्थळातला फरक म्हणून अर्ज थांबवला गेला. जिल्हाविभाजनाची अधिसूचना जोडून समजावलं, तरी दोन महिने लागलेच.

आरसी जमा करताना माझी चूक झाली, ती लिहून ठेवते. आम्ही मूळ आरसी दिली, पोच घेतली. त्या पोचेवर फक्त 'जमा' असं होतं. आरसी कोणत्या कारणानं रद्द केली, अर्जदार जन्मतः भारतीय असल्यामुळे की आणखी कशामुळे, याचा उल्लेख नव्हता. पुढे पोलीस पडताळणीचा अहवाल 'तिबेटी निर्वासित, सध्या वैध कागद नाही' असा गेला. आरसी गेलेली, पासपोर्ट आलेला नाही. हातात आधार कार्ड, ज्यावरच लिहिलेलं असतं की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. जवळजवळ चार महिने ती कोणत्याच खात्यात बसत नव्हती. त्या काळात रात्रपाळीहून येताना नाकाबंदी दिसली की ती रस्ता बदलायची. हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं, तेव्हा सांगितलं असतं तर मला ऐकवलं नसतं.

न्यायालयाच्या दोन्ही निकालांच्या प्रती, मंत्रालयाचं मार्च २०१७ चं पत्र आणि जन्मनोंदणीचा आदेश असा संच करून पुन्हा सादर केला. फेरपडताळणी झाली. २०१८ च्या अखेरीस पासपोर्ट आला.

निष्पत्ती

अधिवासाचा दाखला त्यानंतर पंधरा दिवसांत निघाला. पहिल्या भरतीत तिचं नाव आलं नाही, पुढच्या वेळी आलं. आज ती विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. पासपोर्ट कपाटात आहे, त्यावर अजून एकही शिक्का नाही.

तिची मुलगी २०१३ ची. नवरा मुंडगोडचा, १९८८ चा, त्यामुळे आरसीवाला. पण आई भारतीय आणि वडील इथंच जन्मलेले, नोंदणी असलेले, म्हणून मुलगी भारतीय. धाकट्याची मुलगी २०१६ ची. तिचे दोन्ही पालक १ जुलै १९८७ नंतरचे, म्हणून तीही परकीय. या देशात जन्मलेली ही घरातली दुसरी पिढी. दोघी मामेबहिणी-आतेबहिणी सुट्टीत आमालाच्या अंगणात एकत्र खेळतात. त्यातली एक तिथं कायमची राहू शकते आणि दुसरीच्या आईनं राहणार नाही असं लिहून दिलं आहे.

'कागदावरचं' असं आम्ही जिला समजलो ती अट नंतर खरी होऊन समोर आली. आमालाचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा थोरलीला दोन महिने तिच्याजवळ राहायचं होतं. कुणी हरकत घेतली नाही. तरीही तिनं आईला नागपूरला आणलं, कारण हमीपत्रावर तिची सही होती आणि ती मोडायची तिची तयारी नव्हती. आमाला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आठ आठवडे राहिली आणि रोज घरी जायचं म्हणत राहिली.

वसाहतीही पातळ होत चालल्या आहेत. २००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतात चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास लोक होते. त्यानंतरचे सरकारी आकडे बहात्तर हजारांच्या घरात आले. तरुण परदेशी जातात आणि जाण्यासाठी बहुतेकांजवळ पिवळं ओळखपुस्तकच असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पोचेचं वर सांगितलंच. आरसी रद्द करण्याचं कारण लेखी घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नये, आणि शक्यतो जन्मनोंदणी, मतदारयादी, मग आरसी, मग पासपोर्ट असा क्रम ठेवावा. २०१४ मध्येच तिनं मतदार म्हणून नाव नोंदवलं असतं तर मधल्या चार महिन्यांत दाखवायला काहीतरी असतं. तेव्हा वसाहतीत चर्चा होती, पण नीट माहिती देणारं कुणी पोचलं नाही. आमच्यासारख्या वकिलांनीही जायला हवं होतं.

अटीला आव्हान द्यायला हवं होतं का? थोरलीपुरता तिचा निर्णय बरोबर ठरला. नोकरी वयात बसली. पण प्रत्येक अर्जदार आपापल्या अडचणीपायी सही करून जातो आणि अट तशीच राहते. पासपोर्ट हातात आल्यावर, नागरिक म्हणून, हमीपत्राला आव्हान देता आलं असतं. मी ते तिला सुचवलंच नाही. आमालाच्या आजारपणात ते मला आठवलं.

धाकट्याच्या बाबतीत मात्र मी पुन्हा तेच केलं असतं.

त्याच्यासाठी पुढची वाट काय? २०१९ चा दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतल्या लोकांसाठी आहे, तिबेटी बौद्ध त्यात नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. नोंदणी असलेल्या तिबेटींना त्यातही सूट मिळाली, म्हणजे आरसी चालू राहिली. राहण्याची मुभा आहे, आपलेपणाची नाही. उरतो तो दीर्घ निवासावर नागरिकत्व मागण्याचा मार्ग. अटी तो पूर्ण करतो, त्याचा सगळा जन्म इथं गेला आहे. मंजुरी सरकारच्या मर्जीवर.

तो अर्ज आम्ही गेल्या हिवाळ्यात भरायला घेतला. स्वेटरचा बाजार आवरून तो रात्री ऑफिसात आला, शिक्षण, पत्ते, ओळख देणारी दोन माणसं, सगळं भरून झालं. मग रकाना आला : सध्याचं राष्ट्रीयत्व. भारतीय लिहिता येत नाही. तिबेट म्हणून देश यादीत धरत नाहीत. माझ्या सहकाऱ्यानं हलक्या आवाजात सुचवलं, चीन लिहू या, अर्ज तरी पुढे जाईल. त्यानं पेन खाली ठेवलं. तो अर्ज अजून माझ्याकडच्या फाइलीत आहे, तेवढी एक जागा सोडून सगळा भरलेला.